कॉलनीचे कंट्रोलर

धुळ्याला बदली होऊन आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी आमच्या घरचा कचरा एका शेतकऱ्याच्या कडब्यावर ओतला.

मुद्दाम नव्हे. बायकोने बादली हातात दिली आणि म्हणाली, "निंबाखाली ट्रॅक्टर उभा आहे, ट्रॉलीत टाकून या." निंबाखाली ट्रॅक्टर होता, मागे ट्रॉली होती, आणखी काय बघायचं? कांद्याची सालं, चहाचा चोथा, सामान बांधून आणलेल्या रद्दीचे बोळे, सगळं मी बादली उंच करून ऐटीत उलटं केलं. ट्रॉलीच्या पलीकडून एक पांढरी टोपी वर आली.

"ओ भाऊ, मन्हा बैल हाई खातीन का?"

मला तोवर अहिराणीचा गंध नव्हता, पण हे वाक्य समजायला भाषा लागत नव्हती. मी रिकामी बादली छातीशी धरून उभा. तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून, पत्र्याच्या पिंपातून यावा तसा खणखणीत आवाज आला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कचऱ्याची ट्रॉली अद्याप आलेली नाही. निंबाखाली उभी असलेली गाडी खाजगी आहे. नवीन प्रवाशांनी चुकीच्या गाडीत सामान चढवू नये."

क्षणभर थांबून तेच पुन्हा: "आयका हो! कचरानी ट्रॉली आजून येल नही. निमखाले उभी शे ती दुसरानी शे."

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या एकदम उघडल्या. धुळ्यात माझी ओळख ही अशी झाली. पुढची दहा मिनिटं मी आणि तो शेतकरी कडब्यातून सालं वेचत होतो आणि तो आवाज ओट्यावर शांतपणे चहा पीत होता.

आवाजाचे मालक म्हणजे नाना. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. साक्री, पिंपळनेर, भडगाव, जळगाव अशी स्टँडं करत करत धुळ्याला टेकले होते. जन्मभर त्यांनी काचेच्या खिडकीमागे बसून कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगितलं. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, सांगणं सुटलं नाही. त्यांच्या हातात माईकऐवजी रॉकेल ओतायचं मोठं नरसाळं आलं एवढाच फरक. बोलण्याआधी ते नखाने नरसाळ्यावर दोनदा टकटक करायचे, आत फुंकर मारायचे आणि मग घसा साफ करायचे. टकटक ऐकू आली की आमच्या गल्लीतल्या बायका हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून कान द्यायच्या.

सांगायचे दोनच गोष्टींबद्दल: कचऱ्याची ट्रॉली आणि नाल्याचं पाणी. आमची कॉलनी उताराला होती. वरच्या टोकाला नानांचं घर, खालच्या टोकाला नाला आणि त्यावर एक मोरी. नाला पुढे पांझरेला मिळायचा. तो एरवी इतका गरीब की त्यात बेडूक उभा राहिला तर त्याचे गुडघे कोरडे राहावेत. पण पांझरा भरून आली की ती नाल्याचं पाणी आत घ्यायची नाही, आणि मग ते उलटं फिरून आमच्याकडे यायचं. गंमत म्हणजे त्यासाठी धुळ्यात पाऊस लागायचाच असं नाही. तिकडे साक्री-पिंपळनेरच्या डोंगरात कोसळला की पुरे. आमच्याकडे कपडे वाळत घातलेले असायचे आणि खालच्या घरांत पाणी शिरायचं.

नानांना ते पिंपळनेरपासून ठाऊक. पावसाळ्यात पश्चिमेकडे काळं दिसलं की छत्री घेऊन मोरीवर जायचे, कठड्याला टेकून पाणी बघत उभे राहायचे आणि परत येऊन टकटक करायचे. "पाण्याने मोरीचा खालचा दगड सोडलेला आहे. शेवटच्या तीन घरांतील प्रवाशांनी आपले सामान वरच्या फळीवर घ्यावे." आणि शेवटची तीन घरं सामान वर घ्यायची. पाणी यायचं, उंबरा ओलांडून खाटेच्या पायांपर्यंत चढायचं, मुक्काम करायचं आणि निघून जायचं. कुणाच्या डाळीचा दाणा भिजायचा नाही.

गल्लीने त्यांची थट्टाही भरपूर केली. दूध घेऊन जाता जाता कुणी तरी ओरडायचं, "नाना, फलाट दोनवर चहा लागला का?"

"चहा अद्याप आगारातून निघालेला नाही," नाना वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणायचे. "प्रवाशांनी आपापल्या घरी प्यावा."

घरात मात्र हा माणूस मुका. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. त्या माझ्या बायकोला सांगायच्या, "बाहेर बठ्ठा गावले सांगतस. घरमा इचारं, भाजी कशी शे, तं नुसती मान हालावतस." माझी बायको भडगावची, तिची नि अक्कांची भाषा लगेच जुळली. नानाही तिच्याशी चार शब्द जास्त बोलायचे. "काय भडगावनी पोर," म्हणायचे, आणि भडगाव स्टँडवर सकाळी गिरणेच्या बाजूने कशी धुक्यातून गाडी यायची, आधी दिवे, मग आवाज, मग गाडी, ते सांगायचे. मी विक्रीकर कार्यालयातला कारकून. माझ्याशी ते जपून बोलायचे. बहुधा कडब्याची आठवण त्यांनी कधी पुसलीच नाही.

त्यांचा एक नियम होता आणि तो लोकांना फार जाचायचा. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाना काही सांगायचे नाहीत. ट्रॉली मागच्या गल्लीत आहे, आवाज येतोय, बायका टोपल्या घेऊन विचारतायत, तरी नाना गप्प. एकदा मीच म्हणालो, "अहो नाना, ट्रॅक्टरचा आवाज मलाही येतोय. सांगून टाका की."

"आवाज येतोय म्हणजे गाडी येतेय असं नसतं साहेब."

मग त्यांनी मला पिंपळनेरची गोष्ट सांगितली. पावसाळ्याचे दिवस. पलीकडच्या स्टँडवरून फोन आला, गाडी सुटली. नानांनी माईकवर सांगितलं, गाडी थोड्याच वेळात लागेल. स्टँडवर डोंगरातल्या पाड्यावरचा एक म्हातारा औषधाची बाटली घेऊन बसला होता. एक जीपवाला त्याला न्यायला तयार होता. म्हाताऱ्याने नानांची घोषणा ऐकली आणि जीप सोडून दिली. गाडी वाटेतल्या फरशी पुलावर पाणी आलं म्हणून पलीकडेच अडकली. म्हातारा दुसऱ्या दिवसापर्यंत स्टँडवर बाटली मांडीवर घेऊन बसून राहिला.

"औषध कोणासाठी होतं?" मी विचारलं.

"विचारायची हिंमत झाली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. जाताना त्यानं मला रामराम केला." नाना नरसाळं पुसत राहिले. "तेव्हापासून, गाडी दिसल्याशिवाय लागली म्हणत नाही."

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या कॉलनीचा कचरा बदलला. म्हणजे कचरा तोच, व्यवस्था बदलली. नाल्याजवळ एक सिमेंटची कुंडी होती. ट्रॉली चुकली की लोक तिथे टाकायचे. तिच्याभोवती डुकरं जमायची, म्हणून आम्हीच सह्या करून ती तिथून काढून घेतली. त्याच सुमारास ट्रॉली रोजची दिवसाआड झाली. मधल्या दिवशीचा कचरा घरात ठेवायचा होता. पण घरात कचरा ठेवायचा म्हणजे काय, हे आमच्यापैकी कुणालाच जमेना. लोक टोपली घेऊन कुंडीच्या सवयीने खाली जायचे, कुंडी नाही हे तिथे गेल्यावर आठवायचं, आणि भरली टोपली परत घरी कोण आणणार? नाला समोरच होता.

नानांनी ते मोरीवरून पाहिलं. आणि पाहिलेलं सांगायचं, हा तर त्यांचा धर्म.

पहिली घोषणा त्यांनी स्वतःच्या घराची केली. "सकाळची टोपली, घर क्रमांक एक, म्हणजे खुद्द कंट्रोलरचं घर, नाल्यात रवाना झालेली आहे. मोरीचं तोंड अरुंद होत आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी." अक्का दारात येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आते घरना मानसंस्नीबी चौकशी लायी दी का?" गल्ली खदखदून हसली. पुढच्या दोन-चार दिवसांत घर क्रमांक तीन, आठ आणि अकराच्या टोपल्याही रवाना झाल्याचं जाहीर झालं तेव्हा हसणं कमी झालं. पण खरं सांगतो, टोपल्याही कमी झाल्या. लोक मोरीकडे जाताना वर नानांच्या ओट्याकडे बघायचे आणि तसेच परत फिरायचे.

हे असंच चाललं असतं. पण मध्ये साखरपुडा आला.

आमच्या कॉलनीच्या अध्यक्षांचं मोटारच्या सुट्या भागांचं दुकान होतं. त्यांना सगळे भाऊ म्हणत. मोकळ्या हाताचा माणूस, गणपतीची अर्धी वर्गणी एकटे देणारे. त्यांच्या मुलीचा साखरपुडा घरासमोर मांडव घालून झाला. व्याही जळगावचे, सोन्याचांदीतले. जेवणावळ उठली, व्याही मंडळी खुर्च्यांवर पान खात बसली होती, भाऊंची कामाची माणसं पत्रावळींचे ढीग कुठे घेऊन गेली ते मांडवात कुणाला माहीत नव्हतं. टकटक ऐकू आली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. घर क्रमांक चारची जादा गाडी, पत्रावळींची, नाल्यात सुटलेली आहे. मोरीचं तोंड बंद झालेलं आहे."

आणि मग तेच अहिराणीत, म्हणजे ज्याला आधी कळलं नसेल त्यालाही.

व्याह्यांनी विचारलं, "हे काय असतं?" भाऊ कसनुसं हसले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. लेकीच्या साखरपुड्याच्या दिवशी बापाचा चेहरा तसा व्हायला नको होता, हेही तितकंच खरं.

त्या आठवड्यात कॉलनीची सभा भरली. भाऊ चिडले नव्हते, दुखावले होते. म्हणाले, "नाना, पाण्याचं सांगा. तुमचे उपकारच आहेत. पण कचऱ्याचं हे नाव घेऊन सांगणं बंद करा. व्याह्यांपुढे माझी काय राहिली?"

"नाव कुठं घेतलं, भाऊ? नंबर घेतला."

"नंबर काय आणि नाव काय!"

"भाऊ, कचरा आणि पाणी एकाच मोरीतनं जातं. एका फलाटाचं सांगायचं आणि शेजारच्याचं नाही, असं स्टँड चालत नाही."

"ही कॉलनी आहे नाना, स्टँड नाही," मागून कुणी तरी म्हणालं. लोक हसले. नाना हसले नाहीत. हात वर करून मत घ्यायचं ठरलं. पटापट हात वर गेले. माझाही गेला. तो मी डोकं खाजवायला नेला होता, असं घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

नाना उठले. "ठीक आहे. मग कंट्रोलर बदलून घ्या," म्हणाले आणि चपला शोधू लागले.

आम्हाला वाटलं, चार दिवसांचा रुसवा. पण दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर नरसाळं नाही, टकटक नाही. नाना सकाळी मोरीकडे जायचे बंद झाले. फिरायला निघालेच तर वरच्या अंगाला, गिरणीकडे जायचे. कुणी विचारलं, "नाना, ट्रॉली आली का?" तर म्हणायचे, "पाहिली नाही." ट्रॉलीचं आम्ही जमवून घेतलं. नाल्यात टोपल्या पुन्हा सुरू झाल्या. आता बघणारं कुणी नव्हतं.

श्रावणातला रविवार होता. जेवण करून मी पालथा पडलो होतो. बाहेर लख्ख ऊन. बायको भुईमुगाच्या शेंगा फोडत दारात बसली होती. ती म्हणाली, "अहो, रस्त्यावर पाणी कसलं?"

"कुणी तरी स्कूटर धूत असेल," मी उशीतून म्हणालो.

"इतकं?"

मी उठून दारात आलो. रस्त्याच्या खालच्या अंगाने पाणी चढत होतं, अगदी आवाज न करता, पुढे पालापाचोळा आणि पिशव्या ढकलत. आणि मी काय म्हणालो असेन? पायरीवरची माझी एक चप्पल माझ्या डोळ्यांसमोर तरंगत निघाली होती आणि मी म्हणालो, "नाना तर काही बोलले नाहीत अजून."

हे मी एकटाच म्हणालो असतो तर माझ्या अकलेवर खपलं असतं. पण नंतर कळलं, खालच्या प्रत्येक घरात हेच वाक्य म्हटलं गेलं होतं. वर्षानुवर्षं आम्हाला सवय होती की टकटक झाली नाही म्हणजे पाणी नाही. आमच्यापैकी कुणीही नाल्याकडे बघायला शिकलंच नव्हतं. नानांना आम्ही हात वर करून गप्प केलं आणि त्यांच्या गप्प बसण्यावर विसंबून दुपारची झोप काढली.

शेवटच्या घरात एक मावशी राहायच्या. उन्हाळाभर बिबड्या, कुरडया, पापड करून ठेवायच्या आणि सणासुदीला विकायच्या. खानदेशात बिबड्या नाहीत असं घर नाही, त्यामुळे मावशींचं बरं चालायचं. दोन मुलांची शाळा त्या डब्यांवर होती. मी धोतरासारखी लुंगी खोचून खाली पोहोचलो तर माझ्या आधी नाना तिथे. कमरेपर्यंत भिजलेले, पत्र्याचे डबे एकेक करून माळ्यावर फेकत होते. वरचे वाचले. खालच्या रांगेतले गेले होते. झाकणं उघडून बिबड्या पाण्यावर आल्या होत्या, मऊ पडून एकमेकींना चिकटत होत्या. मावशी खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, रडत नव्हत्या.

"तुम्ही काही बोलनात नही ना नाना," त्या म्हणाल्या. "म्हनीसन मी बसी ऱ्हायनी."

नानांच्या हातात डबा होता. तो त्यांनी खाली ठेवला, म्हणजे पाण्यात ठेवला, आणि परत उचलला. मी त्यांच्या शेजारी उभा राहून डबे वर देत राहिलो. पाणी ओसरल्यावर मोरीचं तोंड मोकळं करायला सगळी कॉलनी खाली उतरली. त्यातून काय निघालं ते सांगत नाही. ज्याचं त्याने ओळखलं.

दोन दिवसांनी आम्ही पाच-सहा जण नानांकडे गेलो. पुढाकार भाऊंचाच. मावशींच्या नुकसानीचं त्यांनी आधीच बघितलं होतं, कुणाला न सांगता. माणूस वाईट नव्हताच. अक्कांनी चहा केला. भाऊ खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "नाना, झालं गेलं विसरा. पाण्याचं सांगणं पुन्हा सुरू करा. खालच्या लोकांना तुमच्याशिवाय कोण आहे?"

"पाण्याचं," नाना म्हणाले.

"हो, पाण्याचं. तेवढं कराच."

नाना बशीत चहा ओतू लागले. मग माझ्याकडे वळले. का माझ्याकडे, कोण जाणे. "साहेब, त्या रविवारी सकाळी मला पश्चिमेला काळं दिसलं होतं. इथनंच, ह्या ओट्यावरनं. मोरीपर्यंत गेलो असतो तर कळलं असतं. गेलो नाही. म्हटलं, माझी ड्युटी नाही." त्यांनी बशी खाली ठेवली. "रागावलेला कंट्रोलर स्टँडवर नको. दुसरा बघा."

आम्ही आग्रह केला. "असं कसं नाना," "तुमचा काय दोष," "आम्ही आहोत ना," असली वाक्यं सगळ्यांनी म्हणून झाली. नाना मान हलवत राहिले, अक्का सांगायच्या तशी. दाराशी पोहोचवायला आले. त्यांनी हात जोडले, एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात नाना आणि अक्का लेकीकडे जळगावला राहायला गेले. जाताना टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा गल्लीतले सगळे बाहेर आले होते. एकाने चहाची जुनी थट्टा करून पाहिली. नाना हसले, पण उत्तर आलं नाही. नंतर एकदा मी जळगावला कामानिमित्त गेलो तेव्हा त्यांना भेटायला म्हणून पत्ता घेऊन ठेवला होता. रिक्षात बसलोही होतो. मग उशीर होईल म्हणून स्टँडवरच उतरलो. तिथे माईकवर कोणी तरी पोरगेलासा आवाज गाड्या सांगत होता, आणि मी माझी गाडी सोडून बराच वेळ नुसता ऐकत बसलो. पुढच्याच हिवाळ्यात नाना गेल्याचं अक्कांचं कार्ड आलं.

पण आम्ही पाच-सहा जण नानांना विनवायला गेलो होतो त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. नानांकडून घरी आलो तेव्हा मी वैतागलो होतो. बायकोने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. हट्टी म्हातारा. सहा माणसं दारात गेली, भाऊंसारख्या माणसाने विनवलं, तरी नाही म्हणजे नाही."

"भाऊ काय म्हणाले?"

"म्हणाले, पाण्याचं सांगणं सुरू करा."

"आणि कचऱ्याचं?"

"कचऱ्याचं काय?"

"कचऱ्याचंही सांगा, आमच्या घरापासून सुरुवात करा, असं तुम्ही सहा जणांत कोणी म्हणालं का?"

मी पाय धुवायला न्हाणीघरात गेलो. तिथूनच म्हणालो, "तो विषय निघाला नाही."

तिने ताट वाढायला घेतलं होतं. भांड्यांच्या आवाजात ती म्हणाली, "मग अर्ध्याच माणसाला बोलवायला गेला होतात की. अर्धा माणूस कसा येईल?"